दचकल्यावर छातीत क्षणात धडधडतं, पण शांत व्हायला एवढा वेळ का लागतो?

तुम्ही विचारलंय की हृदय जर आपोआप चालतं, तर घाबरल्यावर ठोके वाढवतं कोण, आणि ते लगेच उतरत का नाहीत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा माझा फार आवडता विषय.

हृदय आपोआप चालतं हे खरंच. उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, वरच्या भागात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, ठोका तिथून निघतो. मज्जातंतूंचा काहीच दाब नसेल, तर प्रौढ माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. निवांत बसलेल्या माणसाची नाडी मात्र ७०च्या आसपास भरते. म्हणजे कोणीतरी सतत लगाम खेचून धरलाय. हा लगाम म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघणारी व्हेगस नस.

तो हाताला जाणवतो. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवा, सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये हे फार स्पष्ट कळतं. वर्गात पहिल्यांदा हे कळतं तेव्हा मुलं बोटं उचलायलाच तयार नसतात.

दचकलात की आधी हा लगाम सैल पडतो. व्हेगस एरवी ठोके मंदावणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडत असते आणि ते लगेच मोडलं जातं, त्यामुळे फरक एक-दोन ठोक्यांतच दिसतो. मागोमाग पाठीच्या कण्यातून येणाऱ्या अनुकंपी नसा, म्हणजे ठोके वाढवणाऱ्या नसा, नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडतात. त्याला काही सेकंद लागतात, पण नाडी १००च्या वर तेच नेतं. शिवाय मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन हे ठोके वाढवणारं संप्रेरक ओततात.

उशीर इथेच होतो. व्हेगस क्षणात परत आवळते, पण रक्तातलं ॲड्रेनलिन ओसरायला मिनिटं लागतात. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये हे स्वच्छ दिसतं. त्यांच्या नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून बसल्याजागीही नाडी ९०-१०० असते. जिना चढू लागल्यावर ती लगेच वाढत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोचलं की हळूहळू चढते, आणि जिना चढणं थांबल्यावरही बराच वेळ चढलेलीच राहते.