प्रायमरीत 'जिंकणारा कोण' हे कसं बघायचं

अमेरिकेत पहिल्यांदाच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, मत देतोयस आणि त्यातला जिंकू शकणारा कोण असं विचारतोयस, मस्तच! आधी एक काम कर, पेनसिल्वेनियात आहेस ना, मग ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचंय त्या पक्षाचा मतदार म्हणून नोंदणी केलीय का बघ, नाहीतर पक्षाच्या उमेदवारासाठी मतच देता येत नाही, आपले कितीतरी लोक इथेच अडकतात.

आता नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत कोण चालेल याबद्दल. नवीन माणूस देशभराचे पोल बघत बसतो, ही सगळ्यात मोठी चूक. अध्यक्ष व्हायला लागतात ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं (राज्यांना वाटून दिलेली मतं), आणि ती राज्याराज्यात ठरतात. २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात जवळपास २९ लाख मतं जास्त पडली, पण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्वेनिया मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांनी गेली आणि सगळंच गेलं. म्हणून तुझ्या मनातल्या दोन्ही उमेदवारांचे या राज्यांतले आकडे शेजारीशेजारी ठेव.

- लवकरच्या आघाडीवर भाळू नकोस. १९८८ च्या उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकेल डुकाकिस एका पोलमध्ये १७ पॉइंटांनी पुढे होते, शेवटी ४० राज्यं हरले.
- एका राज्यावरून कुणाला बाद करू नकोस. २०२० ला बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे होते, तरी शेवटी तेच जिंकले!

आणि हे मनापासून सांगते, दारोदार फिरताना मी सारखं ऐकते, "मला ही बाई आवडते हो, पण शेजारी मत देणार नाहीत", आणि शेजारच्या दारातही अगदी हेच वाक्य. त्यामुळे स्वतःची पसंती आधी कागदावर लिही, मग आकडे उघड. क्रॉसटॅब (पोलमधले वय, लिंग अशा गटांनुसारचे आकडे) वगैरे सध्या राहू दे.