उकिडवं बसून पाऊल लुळं का पडतं?

प्रश्न : स्ट्रॉबेरीच्या तोडणीला आई सलग तीन-चार तास उकिडवी बसते. आठवडाभर तिच्या उजव्या पावलाची वरची बाजू बधिर आहे. चालताना अंगठा जमिनीला घासतो, चप्पल निसटते. कंबर दुखत नाही. मणक्याचा एमआरआय करावा का?
– एक वाचक, भिलार (जि. सातारा)

उत्तर : एमआरआयच्या आधी आईंचा गुडघा तपासून घ्या. कमरेतून निघालेली सायटिक नस गुडघ्याच्या जरा वर दुभागते. त्यातली पेरोनियल नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, बोटाला हाडाची गाठ लागते तिच्याखालून वळसा घेत पुढे येते. तिथे तिच्यावर फक्त कातडी आणि थोडी चरबी असते. उकिडवं बसल्यावर ती हाड आणि ताणलेल्या स्नायूंमध्ये चेपते. अंगाने बारीक असणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. पाऊल वर उचलणारे स्नायू याच नसेवर चालतात, म्हणून अंगठा घासतो.

घरी एवढं पाहा. आईंना पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि हाताने विरोध करा. जोर शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशी आहे. तिथेही जोर कमी असेल तर कमरेतल्या नसेचा संशय घ्यावा, कारण पाऊल आत वळवणारा स्नायू पेरोनियल नसेवर चालत नाही. लघवी अडली, जांघेत बधिरता आली किंवा दोन्ही पाय लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नसेतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. फक्त तेच दुखावलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ताकद परतते. आतला तंतूच तुटला तर तो रोज साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे 10 सेंटिमीटरला तीन महिन्यांहून जास्त. यातलं काय झालंय ते नसांच्या तपासणीत (एनसीव्ही-ईएमजी) कळतं. तंतू तुटल्याच्या खुणा ईएमजीत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तरी डॉक्टरांना आत्ताच दाखवा. साखर आणि बी-12 तपासून घ्या, दोन्हींच्या बिघाडाने नसा आधीच नाजूक झालेल्या असतात.

तोवर उकिडवं बसणं आणि मांडी घालणं पूर्ण बंद. वाफ्याशेजारी फूटभर उंचीचं स्टूल घ्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून पाय सरळ करायचे. गुडघ्याखाली घट्ट पट्टा बांधू नका, गाठीवर चोळू नका. पाऊल घासतंय तोवर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट घालावा. बधिर पाऊल अडखळून पडण्याचा धोका खरा असतो, त्यामुळे उतारावरच्या वाफ्यांत सध्या त्यांना पाठवू नका.