दुसरी साक्ष कुठे आहे?

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळवळा आला, दुसऱ्यांदा जरा रागच आला. रात्रीची वेळ, नदीच्या मुखातून जहाज आत चाललंय, एक्डिसवर, म्हणजे चार्ट (समुद्राचा नकाशा) दाखवणाऱ्या स्क्रीनवर, ते चॅनेलच्या (खोल पाण्याच्या वाटेच्या) बरोब्बर मधोमध आहे आणि बाहेर हिरवा बोया, वाटेची कड दाखवणारी तरंगती खूण, उजवीकडे दिसायचा सोडून किंचित डावीकडे दिसतोय. पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, म्हणाला, तो बोया सरकलाय, सोड. कॅप्टन म्हणाले, बाहेर काय बघतेस, स्क्रीन बघ. आणि आता तू मला विचारतेस, स्क्रीन खरी मानायची की बोया?

दोन्हींपैकी एकही नाही. दोन साक्षीदार भांडायला लागले की त्यातला आवडता निवडायचा नसतो, तिसरा बोलवायचा असतो. माझ्या हाताखाली जे जे शिकले त्यांना हे वाक्य पाठ आहे आणि माझ्या माघारी ते त्याची नक्कल करतात, हेही मला माहीत आहे. खुशाल करू देत. दुसरी साक्ष कुठे आहे, हे विचारल्याशिवाय मी कधी कुणाची पोझिशन मान्य केली नाही.

आता तुझी उलटतपासणी. पत्रात बोयाचा रंग आहे, सेकंद कुठे आहेत? स्टॉपवॉच काढलंस का? हिरवा दिसला म्हणजे तो तुझाच हिरवा, हे कुणी ठरवलं? चार्टवर चॅनेलच्या एका कडेला हिरव्या बोयांची रांग असते आणि शेजारशेजारच्यांच्या चमकेची लय वेगळी ठेवतात ती याचसाठी. जवळच्या बोयाचा दिवा विझलेला असला की डोळा पुढच्या दिव्यालाच जवळचा समजतो. त्यात नदीचं डावीकडे वळण असेल, तर वळणापलीकडचा हिरवा जहाज वळेपर्यंत डावीकडेच दिसणार. बोया जागेवर, स्क्रीनही बरोबर, आणि तरी दोघांचं भांडण! असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण लय मोजली असतीस तर तुझा निम्मा गोंधळ तिथल्या तिथे मिटला असता. एकदा नाही, तीनदा मोजायची. लाटेआड दिवा गेला की एखादी चमक हुकते आणि चार सेकंदांचा दिवा आठ सेकंदांचा होऊन बसतो.

बोयाबद्दल एवढं लक्षात ठेव की तो मुळातच हलता आहे. साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब असते, म्हणून भरतीला तो एकीकडे ओढला जातो, ओहोटीला दुसरीकडे. चार्टवरची त्याची जागा म्हणजे अंदाजे जागा. पुराने तो ओढला जातो, एखादं जहाज धडकून जातं, दिवा बंद पडतो. वाळू सरकली म्हणून बंदरवालेच त्याला हलवतात आणि तुझ्या चार्टवर दुरुस्ती मागाहून येते. म्हणून बोया ही इशाऱ्याची खूण, पोझिशन काढायची नव्हे. मात्र त्याला टाकाऊ समजू नकोस. प्रवाहात तो कसा कलतो ते बघ, मागे पाण्याची रेघ किती लांब उमटते ते बघ. प्रवाह कुठून कुठे आणि किती जोरात चाललाय, हे इतक्या सरळपणे दुसरं कुणी सांगत नाही.

आणि तुझी ती लाडकी स्क्रीन. जीपीएसची चूक चार-दोन मीटरची असेल, मान्य. पण ज्या चार्टवर ते जहाज ठेवतंय, तो किती खरा? प्रत्येक इलेक्ट्रॉनिक चार्टवर सर्वेक्षणाचा दर्जा दिलेला असतो, तो उघडून बघितलास का? सी दर्जाच्या पाण्यात चार्टवरची जागा ५०० मीटरपर्यंत चुकीची धरावी लागते आणि खोली दोन मीटर अधिक पाच टक्के इतकी. म्हणजे जहाज काटेकोरपणे दाखवलेलं आणि खडक अदमासाने! डी आणि यू दर्जाचं तर विचारूच नकोस. एआयएसवरही, म्हणजे जहाजं एकमेकांना आपली जागा रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवरही, तुझं जहाज तिथेच दिसत होतं, असं मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलंयस. अगं, एआयएसला जागा सांगतो तोच जीपीएस. एकाच माणसाने सदरा बदलून पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं, तशातली ही गत. हल्ली काही ठिकाणी नुसते एआयएसवरचे आभासी बोयेही असतात. पाण्यात काहीच नसतं, फक्त स्क्रीनवर खूण. उपयोगी आहेत, पण जीपीएस गंडला की तेही तुझ्याबरोबर गंडणार.

मग तिसरा साक्षीदार कोण? जो जमिनीत रोवलेला आहे तो. दीपगृह, बीकन (रोवलेली खूण), किनाऱ्याचं टोक. गायरो होकायंत्राच्या रिपीटरवर डोळा लावून बेअरिंग (खुणेची दिशा) घे, रडारवर अंतर घे, इको साउंडरवर (आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्रावर) खोली बघ, तिच्यातून भरतीचं पाणी वजा कर आणि मग चार्टशी ताडून बघ. धोक्याच्या कोणत्या दिशेला सुरक्षित पाणी आहे ते सांगणाऱ्या कार्डिनल खुणांचे रंग, त्रिकोण, पूर्वेला तीन चमका, दक्षिणेला सहा आणि एक लांब, पश्चिमेला नऊ, हे सगळं तुला येतं, परीक्षेत लिहिलंयस. ते मी शिकवत बसणार नाही.

माझी सगळ्यात लाडकी खूण म्हणजे लीडिंग लाइन. पुढे ठेंगणा दिवा, मागे उंच दिवा, दोन्ही एकावर एक आले की तू रेषेवर. जवळचा दिवा ज्या बाजूला सरकलेला दिसेल त्या बाजूला हळूच वळायचं. सॅटेलाइट नको, जहाजावरची वीजसुद्धा नको. तुझ्या त्या मुखाशी लीडिंग लाइट्स असतील, बऱ्याच नद्यांच्या तोंडाशी असतात. पत्रात त्यांचं नावही नाही!

२४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर अलास्कात एक्सॉन व्हॉल्डेझ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफवर, पाण्याखालच्या खडकावर, चढलं, ते तू वाचलं असशील ते सांडलेल्या तेलासाठी. मी ते वाचतो लुकआउटसाठी, म्हणजे पहाऱ्यावरच्या खलाशासाठी. बोयांच्या नियमांचे जगात दोन विभाग; अमेरिकेत बी विभाग, बंदराकडे येताना लाल उजवीकडे ठेवायचा, आपल्या ए विभागाच्या बरोबर उलट. हे जहाज बंदरातून बाहेर निघालेलं, म्हणजे रीफवरचा लाल दिवा डाव्या हाताला हवा. लुकआउटने येऊन सांगितलं, लाल दिवा उजवीकडे दिसतोय. साक्ष आली होती. जहाज वळेपर्यंत उशीर झाला होता.

आणि खुणा कमी पडतात म्हणून अपघात होतात, असंही समजू नकोस. १९७१ साली डोव्हरच्या सामुद्रधुनीत टेक्साको कॅरिबियन बुडालं, दुसऱ्याच दिवशी ब्रँडेनबर्ग त्यावर आपटून बुडालं आणि फेब्रुवारीत निकीही. निकी बुडालं तेव्हा तर तिथे खुणा लावलेल्या होत्या. सगळ्या जगाने बोयांची एक भाषा ठरवायला त्यातून जोर आला. पुढे २००२ च्या डिसेंबरात इंग्लिश खाडीत ट्रायकलर बुडालं. दोन दिवसांनी निकोला त्यावर चढलं. मग बोये वाढवले, राखणीला जहाजं ठेवली, तरी १ जानेवारी २००३ ला व्हिकी नावाचा टँकर त्यावर गेलाच. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, निळा-पिवळा दिवा आलटून पालटून लावणारा बोया त्यानंतर आला. चांगलाच आहे. पण बघणारा नसेल तर तोही रंगवलेला पिंपच.

मला हट्टी म्हणतात. कॅप्टन असताना वाळूच्या दांड्याबाहेर मी एकदा जहाज थांबवलं होतं. बाहेरच्या जोडीतला एक बोया दिसेना, साउंडर चार्टपेक्षा कमी पाणी सांगत होता, जीपीएस मात्र खुशाल होता. मी भरती सोडली आणि नांगर टाकला. आमच्या मागून आलेलं, तेवढ्याच ड्राफ्टचं (पाण्यात तेवढंच खोल बुडणारं) जहाज त्याच भरतीवर आत गेलं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. कंपनीत माझं हसं झालं आणि पुढचं जहाज मिळायला बराच काळ लागला. लोकांना वाटतं, एव्हाना मला पटलं असेल. नाही पटलं. पाणी पुरेसं आहे, हे ते जहाज गेल्यावर कळलं. ते जायच्या आधी कुणाला ठाऊक होतं? माझ्याकडे दोन साक्षी नको म्हणत होत्या आणि एक हो म्हणत होती. आजही नांगरच टाकेन. खंत एवढीच की मी रुसून घरी बसलो. साउंडरच्या नोंदी हातात होत्या, त्या घेऊन तेव्हाच भांडायला हवं होतं. असो, वाहवलो.

तू गप्प राहिलीस, कारण पायलट तिथला जाणकार आणि कॅप्टन अनुभवी. पायलट खरंच जाणकार असतो. वळणाच्या बाहेरच्या कडेला पाणी खोल, आतल्या कडेला गाळ, काठाजवळ गेलं की जहाजाचं ढुंगण काठाकडे ओढलं जातं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. म्हणून त्याच्याशी वाद घालायचा नाही, आकडा द्यायचा. ‘सर, मला वाटतं काहीतरी गडबड आहे’ असं म्हणालीस तर कुणी मान वर करणार नाही. ‘सर, हिरवा, दर अडीच सेकंदांनी, चार्टवर चार सेकंदांचा आहे, बीकनच्या बेअरिंगने आपण चॅनेलच्या उजव्या कडेला आहोत’ असं म्हण. मग बघ, कोण दुर्लक्ष करतं ते. तरीही शंका उरलीच, तर वेग कमी करा म्हण. वेग निम्मा केला की स्क्वॉट, म्हणजे वेगामुळे जहाजाचं पाण्यात खाली बसणं, साधारण पाव होतो, तळाखाली तेवढंच पाणी वाढतं आणि विचाराला वेळ मिळतो.

बदली मागायची का, असं शेवटी विचारलंयस. आत्ता नको. त्याच नदीत तुम्ही पुन्हा जाणार आहात ना? जाण्याआधी नोटिसेस (चार्टच्या दुरुस्त्यांची पत्रकं) बघ, तो बोया हलवल्याचं त्यात आहे का ते कळव. आणि या खेपेला पत्रात दिव्याचे सेकंद, बीकनचं बेअरिंग, साउंडरची खोली आणि भरतीची वेळ लिही. कॅप्टन काय म्हणाले ते शेवटी लिहिलंस तरी चालेल.