रात्री लाल, सकाळी हिरवी: टेस्टवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

ऑटोमेशन टेस्टिंगवर (सॉफ्टवेअर तपासायचं काम प्रोग्रामकडूनच करून घेणं) प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर इतके आले की निवडताना जीवावर आलं. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, टेस्ट ढीगभर आहेत पण त्या जे सांगतात त्यावर कोणाचा भरवसा नाही. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न: ताई नमस्कार, मी हिंजवडीत जॉब करतो. आमच्या सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) ४०० टेस्ट रोज रात्री रन होतात आणि सकाळी बघावं तर दोन-तीन लाल, म्हणजे फेल, असतात, त्याच परत रन केल्या की पास. मॅनेजर म्हणतात की फेल झालेली टेस्ट आपोआप तीनदा रन होईल असं सेटिंग लाव आणि विषय संपव. लावू का?

उत्तर: नको लावूस, निदान तसं तरी नको. आधी हिशोब बघ. समज तुझी प्रत्येक टेस्ट २०० वेळा चालवली तर एकदाच उगाच फेल होते. एकेकटी बघितली तर किती गुणी वाटेल ना? पण अशा ४०० एकत्र चालल्या की रोज सरासरी दोन लाल येणारच आणि सगळ्याच्या सगळ्या हिरव्या अशा रात्री १०० पैकी जेमतेम १३. म्हणजे टीमला लाल बघायची सवय लागते, "अरे ती नेहमीचीच आहे" म्हणून सोडून द्यायची सवय लागते, आणि ज्या दिवशी खरा बग येतो त्या दिवशी पण तेच होतं.

कोड न बदलता कधी पास कधी फेल होणाऱ्या अशा टेस्टना फ्लेकी म्हणतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गूगलने २०१६ मधे स्वतःच लिहिलं होतं की त्यांचे सुमारे १.५ टक्के टेस्ट रन फ्लेकी निघतात आणि जवळपास १६ टक्के टेस्टमधे थोडाफार तरी हा दोष असतो. आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मधे अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टमधले फ्लेकी टेस्टचे २०१ फिक्स तपासले, त्यात जिथे कारण नीट कळलं त्यातल्या सुमारे ४५ टक्के ठिकाणी मूळ दुखणं एकच होतं, वाट बघायची तशी न बघणं. मी पैज लावते तुझ्याकडे पण हेच असणार. कोडमधे थ्रेड स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबायची ओळ, शोध. तीन सेकंद थांब आणि मग क्लिक कर, असं जिथे जिथे लिहिलंय तिथे रात्री सर्व्हरवर लोड आला आणि पेजला साडेतीन सेकंद लागले की टेस्ट मेली, आणि पेज अर्ध्या सेकंदात आलं तर उरलेले अडीच सेकंद वाया. ४०० टेस्टमधे असे पाच-पाच स्लीप असतील तर ६००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटं नुसती थांबण्यात जातात.

त्याऐवजी कशासाठी थांबायचंय ते सांग. वेबड्रायव्हर वेट (अट पूर्ण होईपर्यंतच थांबणारी सेलेनियमची सोय) वापर, जास्तीत जास्त १५ सेकंद अशी मर्यादा दे आणि अट नेमकी लिही. बटण पेजवर आहे ही एक अट झाली, बटण क्लिक करता येतंय ही वेगळी आणि लिस्टमधला डेटा आलाय ही तिसरीच, इथेच सगळे फसतात. इम्प्लिसिट (सगळीकडे आपोआप लागणारा) आणि एक्स्प्लिसिट (एका अटीसाठी लिहिलेला) वेट एकत्र तर अजिबात वापरू नकोस, किती वेळ थांबेल याचा अंदाजच लागत नाही. प्लेराइटसारखी नवी टूल क्लिकच्या आधी आपणहून थांबतात पण तुझा डेटा आला की नाही हे त्यांना कुठून कळणार, ते तुलाच सांगावं लागतं. आणि तिसऱ्या डिव्हमधलं दुसरं बटण असले लांबलचक एक्सपाथ (पेजवर बटण शोधायचे पत्ते) असतील तर डेव्हलपरला गोड बोलून डेटा-टेस्टआयडी (बटणाला टेस्टसाठीच दिलेलं नाव) लावून घे.

आता रीट्रायचं, म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप परत चालवायचं. एकदाच ठेव, आणि कुठल्या टेस्टला रीट्राय लागला त्याची नोंद झालीच पाहिजे. दर सोमवारी ती यादी उघडायची, वरच्या तीन टेस्ट घ्यायच्या आणि कारण सापडेपर्यंत सोडायच्या नाहीत. जी लगेच सुधारणार नाही ती मेन रनमधून बाजूला काढ, पण तिच्यासमोर कोणाचं तरी नाव आणि तारीख लिही, नाहीतर ती तिथेच पडून राहते.

हे इतकं कळकळीने का सांगतेय तर एका प्रोजेक्टवर आमची ऑर्डर कन्फर्म करायची टेस्ट पंधरातून एकदा फेल व्हायची, आम्ही रीट्राय लावला आणि कित्येक महिने विसरून गेलो. मग ग्राहकांचे फोन यायला लागले की पैसे दोनदा कापले गेले. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत बटण बंद व्हायला हवं होतं ते होत नव्हतं, दुसरा क्लिक गेला की दुसरी ऑर्डर. ती टेस्ट नेमकं तेच पकडत होती आणि आम्ही रोज तिला गप्प करत होतो. अजून मनाला लागतं ते.

प्रश्न: मी नागपूरहून लिहितेय. आमचं विम्याचं ॲप आहे. पॉलिसी काढल्यावर सुरुवातीची तारीख आजची येते का, एवढीच टेस्ट आहे. दिवसा कितीही वेळा चालवा पास, रात्री दोनच्या रनमधे रोज फेल. वेड लागायची पाळी आलीये.

उत्तर: अगं तुझी टेस्ट फ्लेकी नाहीच, ती घड्याळाप्रमाणे बरोबर फेल होतेय. बिल्ड सर्व्हरचं, म्हणजे जिथे रात्री टेस्ट चालतात त्या मशीनचं, घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० जी "आज" असते ती सर्व्हरसाठी अजून "काल" असते. ॲप भारतातली तारीख धरतंय आणि टेस्ट स्वतःच्या मशीनला विचारतेय आज काय आहे म्हणून. सगळी फेल्युअर याच साडेपाच तासातली आहेत का बघ, असतील तर खात्री झाली.

सर्व्हरचा टाइमझोन भारताचा करून टाकला तर दुखणं फक्त झाकलं जाईल. खरा उपाय म्हणजे कोडने सिस्टिमला वेळ विचारायचीच नाही, ती बाहेरून द्यायची. जावात आवृत्ती ८ पासून क्लॉक नावाचा क्लास यासाठीच आहे, टेस्टमधे गोठवलेलं घड्याळ द्यायचं. आणि एकदा घड्याळ हातात आलं की खरी मजा आहे, ३१ मार्चच्या रात्री ११:५९ ला काढलेली पॉलिसी कुठल्या आर्थिक वर्षात जाते, २९ फेब्रुवारी २०२८ ला काढलेली पॉलिसी पुढच्या वर्षी कधी संपते, हे सगळं आत्ता दुपारी बसून तपासता येतं. विम्याच्या ॲपमधे हेच तर तपासायला हवं ना! जाता जाता टेस्ट डेटामधे कुठे एखादी ठरावीक मुदत लिहिली असेल तर ती पण काढ, ती तारीख उलटली की एका सकाळी सगळं लाल होतं आणि कोणाला काही सुचत नाही.

प्रश्न: फ्रेशर आहे, कोल्हापूर. माझी टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर फेल. सीनियर म्हणतात तुझंच चुकलंय.

उत्तर: तुझं चुकलंच असेल असं नाही. आधीच्या कुठल्या तरी टेस्टने डेटाबेसमधे उष्टं ठेवलंय आणि ते तुझ्या ताटात येतंय. सगळ्या टेस्ट एकच युजर वापरत असतील तर एकाने पासवर्ड बदलला की बाकीच्या उपाशी. प्रत्येक टेस्टने स्वतःला लागणारा युजर, ऑर्डर सगळं स्वतः तयार करायचं, नावामागे काहीतरी वेगळा नंबर जोडायचा म्हणजे दोन टेस्ट एकाच वेळी चालल्या तरी भांडणार नाहीत. साफसफाई टेस्टच्या शेवटी करण्यापेक्षा सुरुवातीला केलेली बरी कारण टेस्ट मधेच मेली तर शेवटची ओळ चालतच नाही. आणि सीनियरना सांग की एकदा सगळ्या टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवून बघू, कोण कोणावर अवलंबून आहे ते लगेच दिसेल.

प्रश्न: आमचं कव्हरेज ९० टक्के आहे, त्यातल्या निम्म्या टेस्ट चॅटजीपीटीकडून लिहून घेतल्यात, तरी प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या ॲपमधे) बग गेलाच. मग कव्हरेजचा उपयोग काय? (एक टीम लीड, मुंबई)

उत्तर: कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवताना कोडच्या किती टक्के ओळी चालल्या ते, म्हणजे ते फक्त इतकंच सांगतं की ओळ चालली. चालल्यावर उत्तर बरोबर आलं का हे कोणी बघितलं की नाही, हे त्यात येत नाही. शेवटी एकही असर्ट (उत्तर बरोबर आहे का ते बघणारी ओळ) नसलेली टेस्ट पण कव्हरेज वाढवते.

उदाहरण घ्या आपल्या एसटीच्या तिकिटाचं. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं. आता बरोबर ७५ वर्षांचे आजोबा आले तर? कोडमधे ७५ पेक्षा मोठं असं लिहिलंय की ७५ किंवा मोठं? ७० वर्षांच्या आजींना दोन सवलती लागू होतात मग अर्ध्याचं अर्धं करायचं का? कोड वाचून टेस्ट लिहिणारा, मग तो माणूस असो नाहीतर एआय, कोडमधे जे आहे तेच बरोबर धरतो आणि त्याच्यावर शिक्का मारतो. खरं उत्तर शासन निर्णयात असतं, नियम ठरवणाऱ्या माणसाकडे असतं. म्हणून एआयला कोड देऊन टेस्ट मागू नका, नियम द्या, उदाहरणं तुम्ही ठरवा, टायपिंग त्याला करू द्या. माझं हे मत पक्कं आहे.

आणि टेस्टचीच परीक्षा घ्या. कोडमधलं "पेक्षा मोठं" बदलून "किंवा समान" करा आणि टेस्ट चालवा, एकही लाल झाली नाही तर ती सीमा कोणीच राखत नाहीये. हे आपोआप करणारी टूल आहेत, जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. पूर्ण प्रोजेक्टवर लावलं तर फार वेळ खातं, पैशांचा हिशोब जिथे होतो तेवढ्या भागावर लावा.

प्रश्न: ठाण्याची मॅन्युअल टेस्टर, १४ वर्षं झाली. सगळं ऑटोमेट करा म्हणतायत. आमच्या सगळ्या टेस्ट केस स्क्रीनवरूनच ऑटोमेट करायच्या का?

उत्तर: नाही हो, आणि हे ठरवायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही. हिशोब, नियम, सवलती हे स्क्रीन न उघडता कोडच्या पातळीवर किंवा एपीआयवर (स्क्रीनच्या मागे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तिथे) तपासून घ्या, तिथे टेस्ट पटकन चालते आणि कमी रुसते. स्क्रीनवरून फक्त ते मोजके रस्ते ठेवा जे बंद पडले तर धंदा बंद पडेल, लॉगिन, पेमेंट वगैरे. सॉफ्टवेअरवर लिहिणारे माइक कोन यांनी २००९ मधे टेस्ट पिरॅमिड म्हणून जे मांडलं ते हेच. तुमच्या केस सगळं ऑटोमेट करा म्हणणाऱ्यांपुढे ठेवा आणि विचारा यातली कुठली कुठे जाईल. १४ वर्षांत कुठे कुठे तुटतं ते तुम्ही बघितलंय, ते टूलला माहीत नसतं.

प्रश्न: लातूरहून. आम्ही मराठी नावांचा फॉर्म असलेली साइट करतोय. टेस्ट सगळ्या पास आहेत पण गावाकडच्या लोकांची नावं अर्धवट सेव्ह होतायत.

उत्तर: तुमच्या टेस्टमधली नावं इंग्रजीत आहेत ना? तिथेच गोम आहे. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरं दिसतात पण युनिकोडमधे ते दहा कोडपॉइंट (कॉम्प्युटरसाठीची सुटी चिन्हं) आहेत आणि यूटीएफ-८ मधे (ती साठवायची नेहमीची पद्धत) ३० बाइट. कॉलमची लांबी बाइटमधे मोजली जात असेल आणि ती २० असेल तर नाव कापलं जाणार. अजून एक, "कऱ्हाड" मधला ऱ दोन प्रकारे टाइप होतो, एक आख्खा ऱ आणि एक र खाली नुक्ता (टिंब) देऊन, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला वेगळे, मग शोधल्यावर माणूस सापडत नाही. सेव्ह करायच्या आधी आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (दोन्ही प्रकार एकाच रूपात आणणं) करा, आणि दोन्ही प्रकारचा ऱ घालून एक टेस्ट लिहा. टेस्ट डेटामधे ज्ञानेश्वर, कऱ्हाडे, श्रीकृष्ण, डॉ. लावलेलं नाव, आडनावच नसलेलं नाव अशी पंधरा-वीस खरी वाटतील अशी नावं आजच घाला, आणि आधीच सेव्ह झालेल्यांपैकी कोणाकोणाची नावं कापली गेलीयेत ती यादी काढून त्या लोकांना परत विचारा.