चार ट्रॅकचं ‘खेळणं’ आणि मोठ्या यंत्रांचा तोरा

(घरच्या ध्वनिमुद्रणाबद्दल वाचकांच्या शंका. उत्तरं देणारे गृहस्थ नाटकांच्या दौऱ्यांत ध्वनियंत्रणा सांभाळून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : मी आणि माझी बहीण अभंगांना स्वतःच्या चाली लावतो. मी गिटार आणि पेटी वाजवतो, ती गाते. ओळखीच्या एकांकडून टॅस्कॅम ४२४ हा चार ट्रॅकचा जुना कॅसेट रेकॉर्डर घेतला. एक स्टुडिओवाला मित्र तो पाहून हसला. म्हणाला, “हे खेळणं आहे. ॲनालॉगच करायचं असेल तर रेव्हॉक्स घे, नाहीतर नाद सोड.” हा विकून रेव्हॉक्ससाठी पैसे साठवू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : विकू नका. तुमच्या मित्राने दोन वेगळ्या कामांची यंत्रं एकाच तराजूत घातली आहेत. रेव्हॉक्स बी ७७ हे देखणं, दणकट स्पूल यंत्र आहे, पण त्यावर ट्रॅक, म्हणजे टेपवरचे आवाजाचे समांतर पट्टे, दोनच. समोर जे वाजतंय ते स्टीरिओत टिपावं, हे त्याचं काम. तुम्हाला आधी गिटार, मग त्यावर पेटी, मग बहिणीचा आवाज आणि जमलं तर तिचाच दुसरा आवाज असं चढवत न्यायचंय. नेमक्या याच कामासाठी जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली १४४ हा पहिला पोर्टास्टुडिओ आणला. तुमचा ४२४ त्याच घराण्यातला.

त्यातली युक्ती साधी आहे. नेहमीच्या कॅसेटमध्ये दोन ट्रॅक एका बाजूचे आणि दोन उलट्या बाजूचे असतात. पोर्टास्टुडिओ चारही एकाच दिशेने वापरतो आणि टेप दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर, पळवतो. वेग वाढला की वरचे स्वर स्वच्छ येतात आणि आवाज कमी डगमगतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटवर तुम्हाला पंधराच मिनिटं मिळतील. कॅसेट उलटून वापरायला जाल तर आधीचं सगळं उलटं वाजेल.

आता ‘खेळणं’ या शब्दाबद्दल. मुळात फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तीच बोलणं टिपून ठेवायला, डिक्टेशनला. संगीतासाठी ती कोणी गंभीरपणे घेतली नव्हती. १९८२ च्या सुमारास अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या घरात १४४ वर गिटार वाजवत गाणी टिपली. माईक दोन, शुअर एसएम ५७. बँडला चाली ऐकवण्यापुरतं ते कच्चं ध्वनिमुद्रण होतं. मग बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, पण ती मनासारखी उतरेनात. शेवटी ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून घरची कॅसेटच बाहेर आली. तिच्यावरून तबकडी कापताना अभियंत्यांच्या नाकी नऊ आले, तेवढं मात्र या गोष्टीतून नेहमी गळतं.

गंमत अशी की हीच गोष्ट सांगून आता जुने पोर्टास्टुडिओ चढ्या भावात विकतात. काल ज्यांच्या लेखी ते भंगार होतं, त्यांनाच आज त्यात ‘ऊब’ ऐकू येते. मला दोन्ही तोरे सारखेच वाटतात. नव्याने सुरुवात करणारा कोणी विचारेल तर मी म्हणेन, आजच्या भावात पोर्टास्टुडिओ घेऊ नका. साधा ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी डबी) आणि बरा माईक घ्या. पण तुमच्या घरी तो आलाच आहे. मग त्याची लाज कसली?

आमच्या नाटकधंद्यातही हे होतंच. एखाद्या कंपनीचं परदेशी स्पूल यंत्र विंगेत आलं की माणसं त्याच्याभोवती जमायची. शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेत बसलेल्याला मात्र विजेचा कडकडाट वेळेवर झाला की नाही, एवढंच कळतं. आणि कुमारजींच्या, मन्सूरांच्या खासगी मैफलींच्या टेपा आपण कशा ऐकतो? मध्ये कोणी खोकतं, कपबशी वाजते, माईक तबल्याकडे जास्त झुकलेला असतो. तरी त्या प्रतींच्या प्रती घरोघर जपल्या गेल्या.

पण यंत्राचं कौतुक म्हणून त्याच्या मर्यादा लपवणार नाही. तीन ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवून तीन मोकळे करता येतात, त्याला बाउन्स म्हणतात. बीटल्सनी १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर असाच रचला, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ती स्टूडरची यंत्रं होती आणि त्यांची टेप एक इंच रुंद होती. तुमची चार मिलिमीटरही नाही. महाग यंत्राचा पैसा खरोखर कुठे जातो, तर इथे. तुम्ही एकदा बाउन्स करा, दुसऱ्यांदा केलंत तर पेटी घोंगडीखाली वाजल्यासारखी येईल. बाउन्स करताना चौथा भाग तिथेच थेट वाजवून मिसळून टाका, एक फेरी वाचते.

टेपची सूंसूं दाबायला ४२४ मध्ये डीबीएक्स आहे. टेपवर जाताना तो आवाजाचा चढउतार निम्मा करतो आणि ऐकताना पुन्हा पहिल्यासारखा उलगडतो. चार वाद्यं एकत्र असली की हे उत्तम चालतं. नुसती गिटारची एकेक तार छेडली तर मागची सूंसूं स्वराबरोबर वाढते आणि स्वर विरला की दबते. कानाला ते खुपलं तर अशा गाण्यापुरता डीबीएक्स बंद ठेवा आणि पातळी थोडी चढी घ्या. डीबीएक्स लावून घेतलेली टेप मात्र डीबीएक्स लावूनच ऐकायची.

हे यंत्र क्रोम, म्हणजे टाइप टू, टेपसाठी जुळवलेलं आहे. आज नव्या मिळणाऱ्या कॅसेटी बहुतेक टाइप वनच्या असतात. त्या चालतील, पण वरचे स्वर मंद येतील. जुन्या बाजारात न उघडलेली क्रोम कॅसेट दिसली तर सोडू नका. १२० मिनिटांच्या कॅसेटला हात लावू नका. ती टेप फार पातळ असते, गुंडाळली जाते.

आणि यंत्र खरंच चांगलं आहे का, ते मित्राला विचारू नका, पेटीला विचारा. भाता सारखा ठेवून मध्य षड्ज मिनिटभर धरा, टिपा, हेडफोनवर ऐका. पेटीचा स्वर स्वतः हलत नाही. टेपवर तो लहरताना ऐकू आला तर दोष बेल्टचा किंवा पिंच रोलरचा, म्हणजे टेप दाबून धरणाऱ्या रबरी चाकाचा. जुने रबरी बेल्ट कधीकधी वितळून डांबरासारखे चिकट होतात. बेल्ट बदलणारे कारागीर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर अजून सापडतात. टेप जिच्यावरून घासत जाते त्या हेडवरून अलगद नख फिरवा. खोल खाच लागली तर हेड झिजलंय. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) पुसा, रबराला साबणाचं सौम्य पाणी पुरे.

प्रश्न : वडिलांनी पूर्वी ग्रुंडिगच्या स्पूल रेकॉर्डरवर आमच्या आत्याचं गाणं टिपलं होतं. तो रेकॉर्डर गेला. मुलाने अमेरिकेहून एक जुनं स्पूल यंत्र आणलं, ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. पण आत्या पुरुषी आवाजात गाते! टेप खराब झाली का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टेप ठीक असावी. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, ५० हर्ट्झचे (विजेची सेकंदाला आवर्तनं) ६० करत नाही. पुष्कळ जुन्या स्पूल यंत्रांची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, त्यामुळे अमेरिकेतलं यंत्र आपल्याकडे सहापैकी पाच भाग वेगाने चालतं. काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचच्याही जरा खाली उतरते. यंत्र बदलायची गरज नाही. आहे तसं संगणकात उतरवा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत वेग १.२ पट करा. नुसती पट्टी वाढवणारा पर्याय घेऊ नका, नाहीतर आत्या वरच्या पट्टीत पण रेंगाळत गाईल. एका कानात कोणी उलटं गातंय असं वाटलं तर घाबरू नका, ती त्याच टेपची दुसरी बाजू आहे. तेवढा चॅनल बंद करा.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही एका भजनी मंडळाला घरातल्या कॅसेट डेकवरच सराव टिपायला सांगितलंत. २४ बिटच्या डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या जमान्यात ही वाचकांची दिशाभूल नाही का?
– एक ध्वनिप्रेमी, पुणे

उत्तर : आकडे तुमच्या बाजूचे आहेत. १६ बिटलाच सुमारे ९६ डेसिबलचा आवाका, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, मिळतो; साध्या कॅसेटला डॉल्बीविना (डेकमधली सूंसूं दाबणारी सोय, वरातीतली नव्हे) पन्नासच्या आसपास. पण मंडळ ज्या खोलीत बसतं तिथे दोन पंखे फिरतात आणि खिडकीबाहेर रस्ता आहे. खोलीचा स्वतःचाच गोंगाट चाळीसच्या घरात, पखवाज आणि टाळ तापले की नव्वदीच्या पुढे. त्यामधलं अंतर तुम्हीच काढा, ते कॅसेटमध्ये जेमतेम बसतं. तुमचा २४ बिटचा रेकॉर्डर पंखाच जास्त स्पष्ट टिपेल. शिवाय मंडळाला हवं होतं ते चाल पुढच्या सरावापर्यंत लक्षात ठेवायला, आणि डेक घरात होता.

तरी तुमची तळमळ खरी असेल तर येत्या एकादशीला तुमचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे जा. आधी पंखे बंद करायला सांगा. मंडळातली ज्येष्ठ मंडळी त्यावर काय म्हणाली, ते मला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.