पैसे त्यांचे, चेहरा तुझा

अगं, रात्री साडेअकराला पाठवलेला स्क्रीनशॉट सकाळी चहा घेता घेता नीट वाचला. एका कंपनीच्या शेअरचं कौतुक करणारे तीन व्हिडिओ, स्क्रिप्ट त्यांची, आवाज तुझा, निम्मे पैसे ॲडव्हान्स, आणि खाली हळूच एक ओळ, "पेड वगैरे टाकू नका, रीच जातो". रीच जातो म्हणे! तू विचारलंयस की पैसे कंपनी देतेय, माहितीही कंपनीचीच, मग उद्या काही लफडं झालं तर निस्तरायचं कंपनीनेच ना.

नाही गं, गोची तिथेच आहे.

अमेरिकेत हा खेळ दहा-बारा वर्षांपूर्वी खेळून झालाय. ड्रीमटीम नावाची एक एजन्सी छोट्या औषध कंपन्यांकडून पैसे घ्यायची आणि गुंतवणुकीच्या साइट्सवर टोपणनावांनी कौतुकाचे लेख यायचे, जणू कुणी सामान्य माणूसच अभ्यास करून लिहितोय. गॅलेना बायोफार्माचा शेअर दोन-अडीच डॉलरवरून जानेवारी 2014 मध्ये सातच्या वर गेला, आणि त्याच सुमारास कंपनीतल्याच वरच्या मंडळींनी सुमारे 1.6 कोटी डॉलरचे शेअर विकून हात मोकळे केले. पुढे रिचर्ड पिअरसन नावाच्या माणसाला अशीच लेख लिहायची ऑफर आली, तो हो हो म्हणत राहिला, सगळे ईमेल जपून ठेवले आणि मार्चमध्ये जसेच्या तसे छापले. शेअर आपटला, चढ्या भावात घेतलेले लोक कोर्टात गेले, आणि गॅलेनाने शेवटी 2 कोटी डॉलरवर सेटलमेंट केली.

इथपर्यंत तुला वाटेल, बघा, भरलं ना कंपनीने. आता दुसरी केस बघ. गॅलेक्टिन थेरप्युटिक्स, जॉर्जियातली कंपनी, एजन्सी तीच, तक्रार साधारण तीच. 2016 च्या डिसेंबरात तिथल्या अपील कोर्टाने गुंतवणूकदारांचा दावा फेटाळला. का माहितीये? 1933 च्या सिक्युरिटीज ॲक्टमध्ये, म्हणजे त्यांच्या शेअर-रोख्यांच्या कायद्यात, कलम 17(बी) आहे, ते म्हणतं की शेअरची भलामण करायचे पैसे घेतले असतील तर घेतले हे सांगा, आणि किती घेतले तेही सांगा. कोर्ट म्हणालं, हे सांगायचं काम पैसे घेणाऱ्याचं आहे, देणाऱ्या कंपनीचं नाही. म्हणजे कंपनी सुटली आणि ते कलम उरलं कुणाच्या गळ्यात, तर लिहिणाऱ्याच्या! आणि एक लक्षात घे, कौतुक खोटं असावं लागत नाही, शब्दन् शब्द खरा असला तरी पैसे लपवले की पुरे.

एप्रिल 2017 मध्ये एसईसीने, म्हणजे आपल्या सेबीसारख्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेने, एकदम 27 लोक आणि कंपन्यांवर कारवाई केली. साडेचारशेच्या वर लेख सापडले होते आणि त्यातल्या अडीचशेहून जास्त लेखांत चक्क लिहिलं होतं की मला याचे पैसे मिळालेले नाहीत. आता असं लिहिणाऱ्याविरुद्ध पुरावा कुठून शोधायचा? बँकेत आलेली रक्कम बघितली की झालं. तुझ्याकडेही ते बिल मागतायत ना, "कंटेंट सर्व्हिसेस" नावाने? त्याच्यावर तुझा पॅन नंबर असणार.

आपल्याकडे असे लोकांचे सामूहिक दावे फारसे होत नाहीत, कंपनी कायद्यात कलम 245 आहे पण वापरतो कोण, म्हणून आपल्याकडे सेबीच येते. साधना ब्रॉडकास्ट आठवतंय? यूट्यूबवर व्हिडिओ आले की अदानी ग्रुप ही कंपनी घेणार, लोक तुटून पडले, आणि आतल्यांनी वरच्या भावात आपले शेअर विकले. मार्च 2023 ला अंतरिम आदेश आला, मे 2025 ला अंतिम, 58 कोटींच्या आसपास नफा परत करायला सांगितला, आणि त्यात व्हिडिओ करणारेही सुटले नाहीत. शिवाय तुझ्याकडे सेबीचं रिसर्च ॲनालिस्टचं, म्हणजे शेअर सुचवायचं, रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे "स्पॉन्सर्ड" लिहूनसुद्धा "हा शेअर घ्या" तू म्हणू शकत नाहीस, ते वेगळंच.

मी फार शहाणा आहे असं समजू नकोस हं. मीही एका एसएमएसवर एक शेअर घेतला होता, चार दिवस अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाला वर जायची मर्यादा असते तिथपर्यंत रोज चढला, घरी पेढे आणायचेच बाकी होते. पाचव्या दिवसापासून लोअर सर्किट, म्हणजे रोज मर्यादेइतका खाली, रोज सव्वानऊला विकायची ऑर्डर टाकायची आणि खरेदीच्या रकान्यात शून्य. तो अजून डीमॅटमध्ये पडलाय, तुझ्या काकू दिवाळीला आठवण काढतात. तुझे बघणारे सांगली-नांदेडचे नुकतं डीमॅट उघडलेले, त्यांच्या बाबतीत तो एसएमएस म्हणजे तू असशील.

त्यांना नाही म्हणायचंय ते ईमेलवर म्हण, फोनवर नको. ड्राफ्ट आधी मला टाक. आणि ॲडव्हान्स खात्यात आलाच असेल तर आजच परत फिरव, त्याची पावती ठेव, आणि ते "चॅट डिलीट करा" म्हणाले तर करू नकोस.