काटकोन त्रिकोणाच्या उदाहरणात माझं उत्तर √६० येतंय, पुस्तकात ५ आणि १२ दिलंय. चूक कुठे होतेय? आणि दर वेळी आकृती काढायलाच हवी का?

तुमचं उदाहरण असं: कर्ण १३ सेमी, काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी एक दुसरीपेक्षा ७ सेमीने मोठी, तर बाजू काढा. तुम्ही लहान बाजू क्ष धरलीत आणि पायथागोरसच्या प्रमेयाने क्ष² + (क्ष + ७)² = १६९ असं मांडलंत. इथपर्यंत सगळं चोख.

घोटाळा लगेच पुढच्या ओळीत आहे. (क्ष + ७)² चा विस्तार तुम्ही क्ष² + ४९ असा केलात. मधलं पद, १४क्ष, गळालं. मी शिकवण्या घेतो आणि वर्गसमीकरणांत सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागते ती हीच ओळ, सूत्र तोंडपाठ असणाऱ्यांचीसुद्धा. एकदा क्ष + ७ बाजूचा चौरस काढून बघा. एका कोपऱ्यात क्ष², तिरकस समोरच्या कोपऱ्यात ४९, आणि उरलेल्या दोन पट्ट्या प्रत्येकी ७क्ष क्षेत्रफळाच्या. तुमच्या विस्तारात या पट्ट्याच नाहीत.

आता नीट करू. २क्ष² + १४क्ष + ४९ = १६९. उजवीकडचे १६९ डावीकडे आणून सगळ्याला २ ने भागलं की क्ष² + ७क्ष − ६० = ०. गुणाकार −६० आणि बेरीज ७ येईल अशा संख्या १२ आणि −५, म्हणून (क्ष + १२)(क्ष − ५) = ०. क्ष = ५ किंवा −१२. लांबी ऋण नसते, तेव्हा लहान बाजू ५, मोठी १२. (गंमत म्हणून मोठी बाजू क्ष धरून सोडवा: किमती १२ आणि −५ येतात.)

खरं तर पुस्तकातलं उत्तर न बघताही चूक सापडली असती. √६० म्हणजे साधारण ७.७५. मग दुसरी बाजू १४.७५, म्हणजे कर्णापेक्षा मोठी! काटकोन त्रिकोणात कर्णच सर्वांत मोठा असतो. उत्तर आलं की ते आधी उदाहरणात घालून बघायचं; अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण बहुतेक जण उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळे होतात.

आकृतीचं म्हणाल तर कच्ची का होईना, काढाच. फक्त तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको. समजा, समद्विभुज त्रिकोणाचा एक बाह्यकोन ११०° दिलाय. आपण सवयीने तो पायाशी दाखवतो आणि कोन ७०°, ७०°, ४०° लिहितो. पण तोच बाह्यकोन वरच्या शिरोबिंदूशी असेल तर कोन ७०°, ५५°, ५५° येतात. कुठला बाह्यकोन ते दिलं नसेल, तर दोन्ही आकृत्या काढून दोन्ही उत्तरं लिहा.